कुणाच्या हातचं खावं? : एका कोजागिरीच्या प्रकल्प नोंदी

९ जून

यंदाची कोजागिरी माझ्याकडे. आमची कोल्हापुरातल्या बायकांची भिशी पुस्तकांची. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, वाचलेलं सांगायचं, पुस्तकं बदलायची, पोहे खाऊन घरी. कोजागिरीला मात्र यजमानिणीनं काहीतरी बसवायचं असतं. मागच्या खेपेला कविता होत्या. दूध संपलं तरी कविता संपेनात.

माझी वाचनाची व्यसनं दोनच. एक, जुन्या खाण्याच्या आठवणींचं लेखन. आजोळची चूल, गुऱ्हाळावरची काकवी, पंगतीतला मठ्ठा, असलं कितीही वाचू शकते. दुसरं, प्रेम आणि रहस्य एकत्र कालवलेल्या कादंबऱ्या. एकटी मुलगी, अवाढव्य घर, दोन पुरुष, आणि त्यातला भला कोण ते शेवटापर्यंत कळत नाही. भिशीत पहिल्या प्रकाराला मान आहे. दुसरा आम्ही पिशवीच्या तळाशी घालून नेतो, वर एखादं चरित्र ठेवतो.

प्रकल्प असा: दोन्हींतले उतारे एकाआड एक सांगायचे आणि बरोबर खायला द्यायचं. नवी वही काढली.

१५ जून

वहीत रकाने आखले: पुस्तक, कोण खातं, काय खातं, कोण वाढतं, वाढणाऱ्यावर विश्वास आहे का. शेवटचा रकाना गंमत म्हणून घातला होता. आता दिसतंय की कामाचा तोच आहे.

खाण्याच्या आठवणींत तो भरावाच लागत नाही. आजी वाढते, मामी वाढते, तालमीतली आठवण असेल तर वस्ताद बदामाची थंडाई घोटून पुढ्यात ठेवतो. यात काय घातलंय असं कुणी विचारत नाही. आजीच्या हाताला चव होती म्हणताना लेखक खरं तर एवढंच सांगत असतो की त्या हातावर आपण कधी शंका घेतली नाही. कादंबऱ्यांत नेमकं उलटं. कॉफी आली की आधी बघायचं, आणली कुणी.

बाबूराव अर्नाळकरांना यादीतून वगळलं. माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा नायक झुंजार पोटभर जेवून ढेकर देतोय असं चित्र माझ्या तरी डोळ्यांपुढे येत नाही. तिथं धावपळ आहे, ताट नाही.

वाचनालयातून आणलेल्या एका जुन्या प्रतीत पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: 'खुनी – धाकटा दीर'. असल्या माणसाला पंचगंगेत बुचकळून काढावा. पण तरी पुस्तक पुरं वाचलं आणि रंगून वाचलं. धाकटा दीर वहिनीला सरबत आणून देतो त्या पानावर तर माझाच घसा कोरडा पडला. न कळलेला शेवट ही या पुस्तकांतली सगळी मजा नव्हे, एवढं त्या पेन्सिलवाल्यामुळे कळलं.

२७ जून

डाफ्ने द्यू मॉरिएची 'रेबेका' (१९३८) पुन्हा काढली. यादीत ती असणारच होती, पण माझी दोन्ही व्यसनं या एका पुस्तकात किती शेजारी शेजारी बसलीत ते रकाने भरताना दिसलं.

सुरुवातीलाच निवेदिका नवऱ्याबरोबर परदेशातल्या एका हॉटेलात आहे. चहाबरोबर पाव-लोणी, बास. आणि तिला मँडर्लीतला, म्हणजे नवऱ्याच्या वाड्यातला, साडेचारचा चहा आठवतो. लोण्यानं निथळणारे क्रम्पेट, टोस्टचे कुरकुरीत तुकडे, गरम स्कोन, तोंडात विरघळणारा केक, आल्याचा केक. त्या घरात आता परत जाता येणार नाही, हे ती आधीच सांगून बसलीय. हा अस्सल आठवणींचा लेख आहे. नाव बदलून एखाद्या दिवाळी अंकात घातला तर संपादक हसत घेईल. आणि त्यातच एक खडा: एवढं उरलेलं खाणं जायचं कुठं, याची तिला रुखरुख लागायची, पण घरच्या कारभारणीला, मिसेस डॅन्व्हर्सना, विचारायची तिची छाती होत नव्हती. घरची मालकीण, आणि उरल्यासुरल्याचं काय होतं ते विचारायला भिते! गोष्ट सुरू व्हायच्या आत आपल्याला कळतं की त्या घरात काहीतरी बिनसलेलं आहे.

दुसरी जागा सॉसची. डॅन्व्हर्सबाई दिवसाच्या जेवणाची यादी मंजुरीला पाठवतात. सॉस कुठला ते मालकिणीनं सांगायचं. आधीच्या बाईसाहेब, म्हणजे नवऱ्याची वारलेली पहिली बायको रेबेका, सॉसच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या म्हणे. नवी बिचारी म्हणते, त्यांनी जो सांगितला असता तोच करा. झालं, हरली. खून नाही, पिस्तूल नाही, फोनवरचं दोन मिनिटांचं बोलणं. सासरी पहिल्या आठवड्यात 'आमच्याकडे आमटीत एवढा गूळ नाही घालत' हे वाक्य जिनं ऐकलंय तिला त्या सॉसची धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. अख्ख्या पुस्तकात तिचं स्वतःचं नावही येत नाही, सॉसवर काय चालणार.

ठरलं: हे दोन्ही घ्यायचे. वाचून दाखवायचे नाहीत, माझ्या बोलीत सांगायचे.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपवासाच्या दिवशी खाद्यलेखन वाचू नये असं शहाण्यांनी कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं. दुपारपर्यंत वरी-दाण्याची आमटी दोनदा झाली.

पण आजच एलिझाबेथ डेव्हिडचं वाचायला मुहूर्त लागला. बाई युद्धाच्या काळात ग्रीस, इजिप्तमध्ये राहून इंग्लंडात परतल्या. १९४७ चा तो कडाक्याचा हिवाळा; रॉस-ऑन-वाय गावच्या हॉटेलात अडकून पडलेल्या, पुढ्यात बेचव जेवण. वैतागून त्यांनी जर्दाळू, ऑलिव्ह, लिंबं, बदाम यांच्याबद्दल लिहायला घेतलं. त्यातून १९५० मध्ये भूमध्य समुद्राकाठच्या जेवणावरचं त्यांचं पुस्तक आलं. तेव्हा इंग्लंडात रेशनिंग चालूच होतं. ते पुरतं उठलं १९५४ च्या जुलैत. म्हणजे लिंबाचा वास घेत पुस्तक वाचणाऱ्यांना दुकानात लिंबू मिळेलच याची खात्री नव्हती.

आता माझ्या दुसऱ्या कपाटातली मेरी स्टुअर्ट बघा. तिची पहिली कादंबरी १९५४-५५ च्या सुमाराची. नायिका सुट्टीला दक्षिण फ्रान्सात आविन्यॉला जाते आणि दुसऱ्याच कुणाच्या संकटात सापडते. पुढे एक कादंबरी क्रीट बेटावर, एक कॉर्फूवर. संकट यायच्या आधी ऊन असतं, हॉटेलच्या अंगणात मांडलेलं टेबल असतं. मला पूर्वी वाटायचं, ही सजावट आहे. रेशनिंगचं साल शेजारी लिहिल्यावर तसं वाटेना. घरी डब्यातली पूड कालवून अंडी खाल्लेल्या वाचकाला आधी पोटभर जेवू घालायचं आणि मग घाबरवायचं, असा तो हिशोब असावा. हा माझा तर्क.

संध्याकाळी सासूबाईंना हे सांगितलं. त्यांचं माहेर आटपाडीकडचं. लिंबाचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाल्लाय आम्ही, परदेशातनं आलेली लाल ज्वारी. लाल भाकरी. घशाखाली उतरायची न्हाई. तवा आई रोज रात्री आम्हाला झोपवताना पुरणपोळी कशी करायची ते सांगायची."

"आणि तुम्ही ऐकायचा?"

"ऐकायचो म्हंजे? वेलदोडा घालायला इसरली की आम्ही आठवण करायचो."

हे वहीत उतरवून घेतलंय. कोजागिरीला त्या स्वतः सांगतील का विचारलं, तर 'बघू' म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'ला धरून चालायला हरकत नाही.

१९ जुलै

क्रम्पेटचा प्रश्न आंबोळीनं सुटला. क्रम्पेट म्हणजे यीस्ट घालून फुगवलेलं पातळसर पीठ, तव्यावर गोल कड्यात भाजलेलं. वरून भोकं भोकं, त्या भोकांत लोणी. आमच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या तांदूळ आणि उडदाचं होतंय.

पण या पावसात पीठ फुगेल तर शपथ. चार दिवस सूर्य नाही, भिंतींना ओल. जाऊबाईंनी डबा गोधडीत गुंडाळून फ्रिजच्या मागं, जिथं ऊब येते तिथं ठेवला. सकाळी झाकण उघडलं तर पीठ काठाला लागलेलं.

बिडाचा तवा. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला. पळीभर पीठ मध्यावर ओतलं आणि पळीच्या बुडानं हलकेच पसरलं. पसरायचं ते एकदाच, दुसऱ्यांदा पळी फिरवली की जाळी मोडते. आधी कडेला बारीक टाचण्यांएवढी भोकं पडली, मग आत सरकत गेली, मध्यभाग सगळ्यात शेवटी उघडला. झाकण. उलटायची नाही. ताटात घेतल्यावर गंगावेशीतून आणलेल्या लोण्याचा गोळा ठेवला. तो आधी जागच्या जागी घसरला, मग एका भोकात उतरला, ते भरल्यावर शेजारच्या. आम्ही दोघी बघत उभ्या. ती आंबोळी खाल्ली मात्र शेंबड्या पुतण्यानं, उभ्या उभ्या.

कामाची गोष्ट: आंबोळी एका वेळी एकच होते. पहिली जिच्या ताटात पडेल ती खाणार, बाकीच्यांची नजर तव्यावर. उतारा नेमका तिथं थांबवायचा, डॅन्व्हर्सबाई 'सॉस कुठला' विचारतात तिथं. पुढचं पुढच्या आंबोळीबरोबर. तवा जाऊबाईंकडे, गोष्ट माझ्याकडे.

८ ऑगस्ट

भिशीत आज वाजलं. कच्ची यादी वाचून दाखवली. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका बाई शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या आठवणीतलं प्रत्येक स्वयंपाकघर सारखंच कसं हो? सोवळं, पाट, रांगोळी. उंबऱ्याबाहेर ओंजळ धरून कोण उभं होतं, ते कुठल्या पानावर आहे?"

कुणीतरी म्हणालं, कोजागिरीला कशाला हे. बाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

माझा विश्वासाचा रकाना त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, मग गंगाराम कांबळ्यांना यात घ्या, आपल्याच गावचे आहेत. बरोबरच आहे. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी चाकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या पाठबळावर त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. महाराज जाता-येता गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे.

त्या बरोबरच्या मंडळींचा मी रात्रभर विचार करतेय. हातात कप आलाय. समोर महाराज. चहा करणाऱ्याचा हात कुणाचा, हे माहीत आहे आणि जन्मभर शिकवलेलं सगळं त्याच्या विरुद्ध आहे. पिण्यावाचून इलाज नाही. कुठल्याही कादंबरीतल्या कपापेक्षा त्या कपाची गोष्ट जड आहे, आणि तिथं भीती पिणाऱ्याच्या डोक्यात होती, चहात काही नव्हतं.

बाईंनी शाहू पाटोळेंचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचायला दिलंय. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्यावरचं पुस्तक आहे. तेल-तूप-दूध जिथं सहज हाताशी नव्हतं तिथला स्वयंपाक. यातही आठवणी आहेत, पण गोडवा शोधत जाणाऱ्याला लेखक दारातच थांबवतो. माझं कपाट एका बाजूला कललेलं होतं ते यानं थोडं सरळ केलं. 'सत्यसुधारक'ची गोष्ट बाईच सांगतील, चहाच्या आधी.

२१ ऑगस्ट

काम ठप्प. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याचे फूट आणि इंच दिवसभर फोनवर फिरतायत. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथं पोरासोरांना पाठ. नदीकाठच्या मैत्रिणीची पुस्तकं आमच्या माळ्यावर आली. त्यात पिशवीच्या तळाची पुस्तकं माझ्यापेक्षा जास्त निघाली. बोलले नाही.

१४ सप्टेंबर

गणपती गेले, घर मोकळं झालं, रंगीत तालीम घेतली. चौघीच होत्या, आणि शेजारची विद्यापीठात एम.ए. करणारी मुलगी. भडंग आणि चहा.

आधी रहस्य सांगितलं. भडंगाला कुणी हात लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. सांगणारीला बरं वाटतं, पण भडंग सादळला. मग क्रम उलटा केला. आधी खाण्याची आठवण. तर प्रत्येकीला आपापली आजी आठवली, सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि माझी गोष्ट राहिली बाजूला. आठवणीनं तोंड उघडतं, रहस्यानं मिटतं. म्हणून क्रम असा: छोटी आठवण, कुणीतरी एकीनंच बोलायचं, तोंडं उघडी असतानाच रहस्य सुरू करायचं आणि अर्ध्यात तोडून ताट द्यायचं.

ती मुलगी फोनवर इंग्रजीतल्या नव्या कादंबऱ्या वाचते. पाठलाग करणारा माथेफिरू, अंगरक्षक, बर्फातली झोपडी. तिला विचारलं, यात खाणं असतं का. म्हणाली, "काकी, असतं की! हिरो बंदूक काढून ओट्यावर ठेवतो आणि तिला ऑम्लेट करून घालतो." माझ्या पिढीच्या पुस्तकांत गोड बोलून पेला पुढं करणारा शेवटी पाजी निघायचा आणि तुसडा तो भला. त्यांनी नियमच बदललाय. आता जो रांधतो तो आपला. तिचा पुढचा सिद्धांत असा की भांडी घासणारा पुरुष खुनी असूच शकत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्यात मग सगळेच संशयित."

३ ऑक्टोबर

काल दसरा. दसरा चौकातून सोनं लुटून घरी यायला रात्र झाली, आज पाय बोलतायत. पण दुधाचं ठरवायला हवं.

दूध म्हशीचं, गंगावेशीच्या कट्ट्यावरून. डोळ्यांदेखत धार काढलेलं. उभ्यानं फेसाळ पेला रिचवून मिशी पुसत जाणाऱ्यांच्या गावात दुधावर संशय घ्यायला लावणं हे खरं आव्हान. त्यासाठी हिचकॉकचा 'सस्पिशन' (१९४१) हा सिनेमा घेतेय. बायकोला वाटतंय की नवरा आपल्याला मारणार. रात्री तो अंधाऱ्या जिन्यावरून तिच्यासाठी दुधाचा पेला घेऊन वर येतो. जिन्यावर सावल्यांची जाळी, माणूस काळा, आणि दूध तेवढं लख्ख. हिचकॉकनं पेल्याच्या आत दिवा बसवला होता. बघणाऱ्याची नजर त्या पांढऱ्यावरून हलूच नये.

ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला ती १९३२ ची. तीत नवरा खरंच खुनी आहे, बायकोला ते कळलेलं आहे, आणि तरी ती दूध पिते. सिनेमात नवरा निर्दोष ठरतो आणि पेला तसाच राहतो. मला कादंबरीतली बाई जास्त छळते. शंका घेणं समजतं. खात्री झाल्यावर पिणं, तेही त्याच्यावरच्या प्रेमापोटी, हे वाचताना पुस्तक मिटून उठावंसं वाटलं होतं. भिशीत सांगताना दोन्ही शेवट सांगायचे आणि निवाडा बायकांवर सोडायचा.

पेल्यात दिवा घालावा असं पुतण्याचं म्हणणं. नको. केशर पुरे.

७ ऑक्टोबर

झालं. गच्चीवर ढग होते म्हणून बैठक खालच्या खोलीत घेतली.

आंबोळ्यांवर 'रेबेका' बरोबर थांबली. 'कुठला सॉस?' म्हटल्यावर मागून आवाज आला, "खर्डा म्हणावं!" हशा पिकला, आणि मला गोष्ट परत घट्ट करायला बराच वेळ लागला. पुढच्या खेपेला एवढा मोठा विराम घ्यायचा नाही.

सासूबाईंनी मिलोची गोष्ट सांगितली, पण मला सांगितलेली नाही, वेगळीच. आईला पुरणपोळी सांगता सांगता मध्येच रडू फुटलेली रात्र. जुलैत ती त्यांनी गाळली होती. मी मध्ये काही बोलले नाही.

शिक्षिका बाईंचा 'सत्यसुधारक' सगळ्यांत थोडक्यात झाला. चहाचे कप आधी वाटले आणि मग त्या बोलल्या. क्रम त्यांनी ऐन वेळी बदलला, मला न विचारता, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता.

दुधाला मात्र प्रकल्प अंगाशी आला. दोन्ही शेवट सांगून पेले फिरवले, तर बायका पेले हातात धरून एकमेकींकडे बघत बसल्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आटवलंय कुणी? मी. दोन तास ढवळत हुते. पिताय का गार करताय?" मग प्यायल्या. निवाडा: कादंबरीतल्या बाईच्या बाजूला कुणी नाही. ती एम.ए.वाली तेवढी म्हणाली, तिचं मला कळतं. यावर वाद अजून फोनवर चालू आहे.

राहिलेली कामं: मोठी पातेली जाऊबाईंच्या माहेरी पोचवणं. पाटोळेंचं पुस्तक बाईंना परत, त्याआधी शेवटची दोन प्रकरणं. नोव्हेंबरची भिशी बाईंकडे आहे आणि विषय त्यांनी निघतानाच सांगितला: आपापल्या घरी कुणाच्या हातचं खाल्लं जात नव्हतं, ते लिहून आणायचं. दोघींनी दारातच नाही म्हटलं. त्यातली एक आज सकाळी येऊन रकान्यांची वही मागून घेऊन गेली.